पडदा बसला, गज वाकडेच

लहानपणापासून मला उणे नऊचा चष्मा. डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचायला लागले तेव्हा नंबर वाढला असेल म्हणून सोडून दिलं. चौथ्या दिवशी नाकाच्या बाजूने सावली सरकत आली आणि संध्याकाळपर्यंत समोरच्याचं तोंड दिसेना. पुण्यात डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या मागचा पडदा सुटलाय, मधला भागही. उद्या ऑपरेशन."

ऑपरेशनचं विशेष काही नाही. खरी परीक्षा गॅसची. सुटलेला पडदा जागेवर धरून ठेवायला डोळ्यात सी-थ्री-एफ-एट नावाचा, हळूहळू जिरणारा गॅस भरला होता. त्याचा बुडबुडा वर चढून पडद्याला टेकावा म्हणून आठवडाभर पालथा. शिवाय माझं घर पाचगणीला. घाट चढला की हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो, डोळ्याचं प्रेशर वाढतं. म्हणून गॅस जिरेपर्यंत, तब्बल दोन महिने, कोथरूडला ताईकडे मुक्काम. ती ताट फरशीवर ठेवायची, मी पलंगाच्या कडेवरून मान लोंबवून जेवायचो.

तिसऱ्या आठवड्यात नजरेत वरून पाण्याची रेघ उतरू लागली. मान हलवली की गवंड्याच्या लेव्हलसारखी डुलायची. बुडबुडा डोळ्यात वरच तरंगतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून तो मला तळाशी दिसे. रोज थोडा लहान. शेवटी मटाराएवढा, मग गायब.

मग ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन. हनुवटी टेकवायची, हिरव्या फुलीकडे बघायचं, दोन मिनिटांत पडद्याचे थर स्क्रीनवर.

"मस्त बसलाय," डॉक्टर म्हणाले.

"मग तुमच्या खिडकीचे गज वाकडे का?"

त्यांनी चित्र मोठं केलं. मधोमध पडद्याखाली काळी फट: उरलेलं पाणी. फटीच्या वर प्रकाश टिपणाऱ्या पेशींची पांढरी रेघ तुटक. पडदा सुटला की या पेशींना मागच्या थरातून मिळणारं पोषण तुटतं. परत चिकटला तरी त्या लगेच सावरत नाहीत. नजर तेव्हा ६/६०, म्हणजे धड डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते मला सहा मीटरवरून. वाईट बातमीच होती, पण मला हायसं वाटलं. वाकडेपणा माझ्या मनाचा नव्हता, चित्रात दिसत होता.

सहा महिन्यांच्या स्कॅनमध्ये फट मिटली होती, रेघ बरीचशी जुळली होती. नजर ६/१८. मधेच मोतीबिंदू वाढला. या ऑपरेशननंतर बहुतेकांना होतोच. तो काढल्यावर ६/१२.

उजवा डोळा झाकला की गज अजून थोडे वाकतात, आणि ताई जरा बारीक दिसते. तिला सांगितलं, तर म्हणाली, "तोच डोळा वापरत जा."