टिकलीवरचं स्टेशन

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात संध्याकाळी सात ते दहा टीव्हीचा आवाज ६० वर असायचा. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, कमी ऐकू येतं आणि श्रवणयंत्र ते फक्त लग्नाकार्याला घालतात. लेकीची बारावी. ती कानात कापूस कोंबून फिजिक्स करायची.

आधी ब्लूटूथ हेडफोन आणला. दोन दिवसांत अप्पांनी परत केला. "ओठ आधी हलतात गं, नि बोलणं मागून येतं. भुताटकीच ती!" खोटं नव्हतं. ब्लूटूथ आवाजाचे आकडे करून गठ्ठ्यानं पाठवतो आणि पलीकडे गठ्ठा सोडायला वेळ लागतो. एफएमला ही भानगड नाही. शिवाय अप्पांच्या खिशात एफएम रेडिओ असतोच. म्हटलं, आपणच घरापुरतं स्टेशन काढू.

इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी केलं त्याला २२ वर्षं झाली. महाराणी रोडवर सामान घेताना दुकानदारानं विचारलं, "मॅडम, बच्चे का प्रोजेक्ट है?" म्हटलं, हो, अस्सी साल के बच्चे का.

सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर एकच, बीसी ५४७. पाच मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर एनॅमल तारेचे सहा वेढे, त्याला समांतर ट्रिमर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवून कमीजास्त करायचा छोटा कपॅसिटर. स्टेशन कुठं लागणार हे ही जोडी ठरवते. वेढे जरा फाकवले की फ्रिक्वेन्सी चढते. पहिली संध्याकाळ निव्वळ पाठलागात गेली. लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं ट्रिमर फिरवून बरोबर जागी आणावा आणि हात मागे घेतला की स्टेशन पळालंच, कारण आपलं शरीरही त्यात कपॅसिटरसारखं मिसळतं. शेवटी जुन्या टूथब्रशची दांडी घासून चपटी केली, तेव्हा ते एका जागी बसलं. तेही मिर्चीच्या ९८.३ पासून चांगलं लांब, नाहीतर एफएममध्ये जो जोरकस तोच ऐकू येतो.

अँटेनाला मी पुस्तकी हिशोबानं ७५ सेंटिमीटर तार लावली. १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची, तिचा चौथा हिस्सा. दुसऱ्या दिवशी खालच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुमच्या मालिकेतली सासू काल आमच्या रेडिओवर रडत होती!" परवान्याशिवाय असं प्रसारण करायला मनाई आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर हसले आणि घरी येऊन पहिली कात्री लावली. आता तार बोटाएवढी आहे. हॉलच्या बाहेर काही जात नाही, तपासून पाहिलं.

नऊ व्होल्टची बॅटरी उतरू लागली की स्टेशनही सरकायचं. म्हणून माळ्यावरचा एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवायचा अडॅप्टर काढला, तर अप्पांच्या कानात घूंऽऽ. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारी ७८०५ ही चिप लावल्यावर ती थांबली.

खरी पंचाईत निराळीच होती. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात पिन घातली की टीव्ही मुका. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता यांनी ऐकायचं आणि मी यांचं तोंड बघायचं?" मग आवाज सेट टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून घेतला. डावा-उजवा एकत्र करायला दोन्हींत एकेक किलोओहमचा रेझिस्टर टाकला. आता टीव्ही १२ वर, अप्पा त्यांच्या मर्जीच्या आवाजावर.

मध्ये एकदा खरखर वाढली. सर्किट तीनदा तपासलं. दोष अप्पांच्या टापटिपीचा निघाला. इअरफोनची वायर नीट गुंडाळून, रबर लावून खिशात. या रेडिओत तीच वायर अँटेनाचं काम करते. सोडायला सांगितली, तर "लोंबकळतं दिसतं" म्हणून कुरकुरले.

जाहिराती लागल्या की अप्पा डायल फिरवून विविध भारतीवर जातात, मग परत येताना आमचं स्टेशन सापडत नाही. सासूबाईंनी डायलवर त्या जागी आपली लाल टिकली चिकटवून दिली. डिसेंबरात गारठा पडला तसं स्टेशन थोडं सरकलं. मी टूथब्रश शोधायला उठले, तोवर त्यांनी टिकलीच नखानं उचलून सरकवली होती.