व्होटर कार्ड आहे, पण यादीत नाव?

मतदान केंद्रावर हमखास ऐकू येणारं वाक्य: "माझ्याकडे व्होटर कार्ड आहे, मग मत का देऊ देत नाही?" कारण मत यादीवर मिळतं, कार्डावर नाही. यादीत छापलेली व्यक्ती तुम्हीच, एवढंच कार्ड सिद्ध करतं. म्हणूनच कार्ड दुसऱ्या मतदारसंघातलं असलं तरी चालतं. नाव मात्र त्या केंद्राच्या यादीत हवं.

कार्ड हरवलं म्हणून घरी बसू नका. २०२४ च्या लोकसभेला भारत निवडणूक आयोगाने पर्यायी १२ कागदपत्रं मान्य केली होती. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट सगळ्यांना माहीत असतात. मनरेगाचं जॉब कार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं आणि बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुकही त्यात होतं. पासबुकावर फोटो चिकटवलेला आहे ना, हे निघण्याआधी उघडून बघा. रेशनकार्ड या १२ मध्ये नव्हतं. परदेशात राहून मतदार म्हणून नोंदणी केलेल्यांना मात्र मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, दुसरं काहीही चालत नाही. पालिका-जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा त्यांची मान्य कागदपत्रांची यादी वेगळी बघायची.

घरी येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा राहिलेली नाही. तरी ती खिशात ठेवाच. तिच्यावरचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सांगितला की पहिल्या मतदान अधिकाऱ्याला नाव चटकन सापडतं.

मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रावरच्या मोबाइलबंदीविरुद्धची याचिका फेटाळली; फोनवरून कागदपत्रं दाखवण्याचा हक्क कुणाला नाही, असं त्यात स्पष्ट झालं. मूळ कार्डच न्या.

कार्डावर 'पाटील'चं 'पाटिल' झालंय, वय एखाद्या वर्षाने चुकलंय? अशा किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करायच्या सूचना आहेत. फोटोच जुळत नसेल तर मात्र दुसरं ओळखपत्र मागतात. फॉर्म ८ भरून दुरुस्ती आधीच करून घेतलेली बरी.

मतदान प्रतिनिधी, म्हणजे उमेदवाराने केंद्रावर बसवलेला माणूस, तुमच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. त्यासाठी त्याला केंद्राध्यक्षांकडे रोख २ रुपये भरावे लागतात (हो, अजूनही दोनच), मग चौकशी होते.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे 'प्रदत्त मत' मागा. ओळखीबद्दलच्या त्यांच्या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असली की नमुना १७-ब वर सही घेऊन कागदी मतपत्रिका देतात. ती मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण निकालाचा वाद कोर्टात गेला तर तेच पाकीट उघडलं जाऊ शकतं.