टाराच्या मरणाला नियम जबाबदार नाही

बफी द व्हॅम्पायर स्लेयर ही व्हॅम्पायर मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची अमेरिकन सीरियल बघितलेल्या कुणालाही टारा कशी गेली ते विचारा, लगेच सांगतील. सहावा सीझन, सीइंग रेड नावाचा एपिसोड, ७ मे २००२ ला आला होता. वॉरन, बफीचा शत्रू पण साधा माणूस, तिच्या अंगणात पिस्तूल घेऊन येतो, गोळ्या झाडतो, त्यातली एक भरकटून वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत जाते आणि बफीची जादूगार मैत्रीण विलो हिच्याशी, म्हणजे आपल्या प्रेयसीशी, बोलत उभी असलेली टारा कोसळते. व्हॅम्पायर नाही, राक्षस नाही, साधी गोळी. पुढच्या एपिसोडमध्ये विलो मृत्यूचा देव ओसायरिस याला बोलावते, टाराला परत दे म्हणते, आणि तो नकार देतो, कारण हे मरण माणसाच्या हातून आलंय, जादूनं नाही. बफी स्वतः त्याच सीझनच्या सुरुवातीला कबरीतून परत आलेली असते कारण तिचं मरण जादूचं होतं. म्हणजे सगळं नियमात बसतं.

मला या नियमात बसण्याबद्दलच बोलायचंय, कारण टाराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं की त्या जगाचे नियमच तसे होते, लेखक काय करणार.

आधी हे सांगते की नियम स्वतः वाईट नाहीये, उलट फार चांगला आहे. फॅन्टसीत सगळंच जादूनं दुरुस्त होणार असेल तर बघणाऱ्याला भीती कशाची वाटणार? पाचव्या सीझनमधला द बॉडी आठवा, फेब्रुवारी २००१ चा. बफी घरी येते आणि आई सोफ्यावर मरून पडलेली, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून, त्यात कुणी व्हिलन नाही, आणि अख्ख्या एपिसोडला पार्श्वसंगीत नाही. तो एपिसोड इतका आत जातो तो याच नियमामुळे. फॅराह मेंडलसन या अभ्यासक बाईंनी फॅन्टसीचे चार प्रकार पाडलेत, त्यातला एक म्हणजे आपल्या नेहमीच्या जगात बाहेरचं काहीतरी घुसतं तो. बफी सरळसरळ त्यातली. अशा गोष्टीत नेहमीचं जग आणि जादू यांच्यामधली रेघ पक्की लागते, नाहीतर घुसलं काय आणि कुठे हेच कळत नाही. पण रेघ पक्की असली तरी त्या रेघेवर कुणाला उभं करून मारायचं हे कुठलाही नियम ठरवत नाही, ते लेखक ठरवतात.

आणि टाराच्या बाबतीत ते जास्त लागतं कारण या सीरियलची भाषाच रूपकांची आहे. शाळा म्हणजे नरकाचं तोंड, बॉयफ्रेंडसोबत पहिली रात्र घालवली की दुसऱ्या दिवशी तो खरोखर राक्षस झालेला असतो, म्हणजे किशोरवयातली प्रत्येक भीती इथे अंगावर येते. त्याच भाषेत विलो आणि टाराचं प्रेम लिहिलंय. डिसेंबर १९९९ च्या हश या एपिसोडमध्ये सगळ्या गावाचा आवाज गेलेला असतो, या दोघी नुकत्याच भेटलेल्या, हातात हात घेतात आणि नुसत्या इच्छेनं ते अवजड सोडा मशीन सरकवून दार अडवतात. एकटीला जमत नसतं, दोघींना जमतं. तेव्हापासून किती तरी काळ या सीरियलमध्ये जादू म्हणजेच त्यांचं प्रेम, कारण उघड दाखवायला टीव्ही तयार नव्हता. पडद्यावरचं चुंबन येतं ते थेट द बॉडीत, तेही सहज, विलोला मॉर्गमध्ये जाताना कुठला शर्ट घालायचा हे सुचत नसतं, ती रडकुंडीला आलेली असते आणि टारा तिला शांत करत असते. मला टीव्हीवरचं इतकं साधं आणि खरं चुंबन दुसरं आठवत नाही. (टाराचे शेवटचे शब्दही विलोच्या शर्टाबद्दलच आहेत. मुद्दाम केलं की योगायोग ते ज्यानं त्यानं ठरवा.)

मग सहाव्या सीझनमध्ये लेखकांनी त्याच जादूचं ड्रग करून टाकलं. हात थरथरणं, डीलर, व्यसन सोडवणं, सगळं. ज्या चिन्हानं दोन वर्षं प्रेम सांगितलं त्याच चिन्हानं आता नशा सांगायला लागले, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात पहिला अर्थ तर तसाच आहे ना, तो पुसला जात नाही. त्यात दोघींचं भांडण मिटतं, त्या परत एकत्र येतात आणि त्याच सुखाच्या मागोमाग गोळी. टाराचं काम करणाऱ्या अँबर बेन्सनचं नाव सुरुवातीच्या टायटलमध्ये पहिल्यांदा त्याच एपिसोडला आलं, हे मला आजही क्रूर वाटतं. नंतर विलो वॉरनची कातडी सोलते आणि जग संपवायला निघते. सतरा वर्षांच्या एखाद्या मुलीनं हे सलग बघितलं तर बेरीज काय होते? प्रेम, नशा, मरण, सर्वनाश. लेखकांना हे म्हणायचं नसेलही, पण रूपक एकदा वापरलं की त्याची बेरीज होतच राहते.

प्रॉप या रशियन अभ्यासकानं १९२८ मध्ये रशियन लोककथांमधून ३१ क्रिया काढल्या होत्या, त्यात पात्र कोण आहे यापेक्षा ते कथेत काय काम करतं याला महत्त्व. टाराचं काम उरलं विलोला पेटवणं, बस. पण प्रॉप कथा कशा असतात ते सांगत होता, कशा असल्याच पाहिजेत ते नाही, आणि हा फरक लोक विसरतात. केंड्राचंही तेच, दुसऱ्या सीझनमधली काळी स्लेयर, म्हणजे बफीसारखीच व्हॅम्पायर मारायची ताकद मिळालेली मुलगी, सगळे नियम पाळणारी, थोड्याच एपिसोडमध्ये तिचा गळा चिरला आणि तिच्या जागी फेथ ही स्लेयर आली.

आता गंमत नाही, दुःख वाटतं असं एक. २० मे २००३ चा शेवटचा एपिसोड. बफी म्हणते की प्रत्येक पिढीत एकच स्लेयर हा नियम हजारो वर्षांपूर्वी काही पुरुषांनी केला, आम्ही तो बदलतो. आणि विलोच्या जादूनं जगभरातल्या, स्लेयर होऊ शकणाऱ्या सगळ्या मुलींमध्ये ती ताकद जागी होते. म्हणजे टारा गेल्यानंतर साधारण वर्षभरानं ही सीरियल स्वतःच्या पायाचा नियम मोडते! त्यांना माहीत होतं की नियम बनवलेले असतात आणि मोडता येतात.

तरी हीच सबब पुढे चालूच राहिली. मार्च २०१६ मध्ये द हंड्रेड या सीरियलमध्ये लेक्सा मेली, तिचंही प्रेम एका मुलीवरच, पुन्हा प्रेमाच्या सीननंतर लगेच, पुन्हा दुसऱ्यासाठी झाडलेली गोळी. यावेळी मात्र चाहते इतके भडकले की निर्माते जेसन रोथेनबर्ग यांना जाहीर माफी मागावी लागली, आणि चाहत्यांनी द ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी पैसे उभे केले, एलजीबीटी मुलांना आत्महत्येपासून वाचवणारी संस्था आहे ती.

आणि बदल होतो हे शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर या कार्टून सीरियलमध्ये दिसलं. निवडलेली नायिका, तलवार, जादू, सगळं जुनंच सामान, पण २०२० च्या शेवटच्या एपिसोडमध्ये कॅट्रा नायिका अडोराला प्रेम आहे असं सांगते आणि त्यानंच जादू सुटून जग वाचतं, दोघींपैकी कुणाला मरावं लागत नाही. लहान मुलांचं कार्टून म्हणून सोडलं असेल तर बघा, पण पहिल्या सीझनपासून बघा, मधूनच शेवट बघू नका, कारण तो त्या दोघींच्या चार सीझनच्या भांडणावर उभा आहे.