केसपेपर कोण काढणार?

मंगळवार, रात्री साडेअकरा

सध्या मानसोपचार ओपीडीत पोस्टिंग आहे. पेशंटची हिस्ट्री घेताना विचारायचं: झोप लागते का, भूक कशी आहे, पूर्वी आवडायचं ते आताही करावंसं वाटतं का. आणि मरणाचे विचार येतात का. या प्रश्नाला माझी जीभ अडखळायची. सर म्हणाले, विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

हॉस्टेलवर मात्र असलं काही कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यावर एकच शब्द, 'टेन्शन'. शेजारच्या खोलीतला मित्र ॲनाटॉमीत राहिला, सप्लीत, म्हणजे फेरपरीक्षेतही राहिला, आता ज्युनियरांबरोबर बसतो. मेसमधले सगळे उठले की जेवायला येतो. घर इथेच, सोलापूरच्या पूर्व भागात. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, आणि 'नीट' परीक्षेतून नंबर लागल्यापासूनच गल्ली त्याला 'डॉक्टर' म्हणते. गावातल्या गावात घर असून पोरगा रविवारी घरी जात नाही, आणि आम्ही म्हणतो अभ्यास असेल!

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाचा २०२४ चा अहवाल आहे. पाहणीतल्या एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलं, १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येत असल्याचं. म्हणजे आमच्या लेक्चर हॉलमधली किती डोकी, हा हिशोब मी अर्ध्यात सोडला.

संध्याकाळी त्याला म्हटलं, चल ओपीडीत, मॅडम चांगल्या आहेत. तर म्हणाला, "केसपेपर कोण काढणार? खिडकीवरचा मला ओळखतो. आत इंटर्न म्हणून आपलाच सीनियर. पुढे तिथेच पोस्टिंग करायचीय मला." खोटं काय होतं त्यात? रांगेतल्या बाकीच्यांना तिथे कुणी ओळखत नाही, एवढी तरी सोय असते.

मग ओपीडीत विचारतो तसंच सरळ विचारलं. "कधीकधी येतात," म्हणाला.

टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, माझ्याच फोनवरून लावला. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि केसपेपर लागत नाही. भाषा निवडायला सांगितल्यावर त्याने तेलुगू घेतली. घरी तेच बोलतात. मला अक्षर कळत नव्हतं, पण बोलला भरपूर.

आज माझी गादी त्याच्या खोलीत. सकाळी त्याच्या दादाला बोलवायचं, मग बाहेरच्या डॉक्टरांकडे तिघांनी जायचं. हो म्हणालाय. पॅथॉलॉजीची इंटर्नल परीक्षा आहे उद्या, तिचं बघू नंतर.