पट्टी उन्हाळ्यात, तळ पावसाळ्यात: वाकवलेल्या लाकडी डब्यांची नोंद

या खेपेला पट्टीपेक्षा तळावर जास्त काम झालं. सागाची दोन मिलिमीटरची पट्टी उकळत्या पाण्यात मऊ करायची, लंबगोल साच्यावर ओढायची आणि पुरती वाळेपर्यंत सोडायची नाही, एवढं आता हाताला बसलंय. डबा टिकणार की पट्टीची टोकं एकमेकांवर येतात त्या सांध्यात उकलणार, ते तळ ठरवतो.

सांगलीत एप्रिलच्या दुपारी हवा कोरडीठाक असते आणि जुलैत कृष्णा चढली की घराची दारंसुद्धा चौकटीत अडकतात. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा राहतो. ८० टक्के झाली की १६. साग ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांना धरून ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे मात्र २.५ टक्केच. लांबीत जवळजवळ काहीच नाही. हे आकसणं ओलावा ३० टक्क्यांखाली गेल्यावर सुरू होतं. त्यावरून माझ्या १२० मिमी रुंदीच्या तळाचा हिशेब मांडला: टोकाला वलयांच्या आडव्या रेघा दिसणारी फळी एप्रिल ते जुलै सुमारे २.३ मिमी हलेल, उभ्या रेघांची १ मिमी. पट्टीचा घेर लाकडाच्या लांबीतून आलेला, तो वाढत नाही. म्हणून आडव्या रेघांचा तळ उन्हाळ्यात घट्ट बसवला, तर पावसाळ्यात तो सगळा जोर सांध्यावर काढतो.

वखारीत आता मी फळीचं तोंड आधी बघतो, उभ्या रेघा असतील तरच तळासाठी घेतो. लाकडाच्या लांबीतल्या रेषा डब्याच्या लांबीला धरून ठेवतो, म्हणजे हलणं अरुंद बाजूला येतं.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो कामाच्या वेळेने. पट्ट्या एप्रिल-मेमध्ये वाकवायच्या, कारण जुलैत साच्यावरची पट्टी लवकर वाळत नाही आणि आतून बुरशी धरते. तळ मात्र ऑगस्टमध्ये, लाकूड फुगलेलं असताना, हाताने दाबून घट्ट बसवायचा. सरस अजिबात नाही. बाहेरून बारीक भोकं पाडून बांबूच्या खुंट्या सगळ्या बाजूंनी. मागच्या पावसात असे बसवलेले डबे या एप्रिलमध्ये उजेडासमोर धरून पाहिले. तळ आकसला तशी पातळ पट्टी दोन्ही कडांना त्याच्याबरोबर आत आली. लंबगोलाच्या टोकांना केसभर फट दिसते, पण खुंट्या पक्क्या आहेत आणि एकही सांधा उकललेला नाही. जाड पट्टी अशी मागे आली नसती, म्हणून दोन मिलिमीटरच्या वर मी जाणार नाही.

उन्हाळ्यातच तळ बसवायचा झाला तर अरुंद बाजूला दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा आणि खुंट्या फक्त दोन टोकांना मारा.

सांध्याचं थोडक्यात. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या डब्यांवर असतात तशी बोटं, म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाला बोटांसारखे अरुंद भाग, कापतो. पट्टी उंचीतही फुगते-आकसते, आणि रुंद सरळ सांधा जखडला की दोन चुकांच्या (बारीक खिळ्यांच्या) मधे चिरतो. अरुंद बोटांना तो ताण कमी येतो. चुका तांब्याच्याच. लोखंडाने सागावर काळे डाग पडतात.

झाकणाची फळी तळाच्याच फळीतून, त्याच दिशेने कापायची. दोन्ही सारखीच हलतात, मग पावसाळ्यात झाकण आवळत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तुणीचं लाकूड वापरतात, हलकं आणि रंगाला सुंदर. पुढची तळ-झाकणाची जोडी तुणीची करायची आहे. फळी आणलीय, उभ्या रेघांची. ती माळ्यावर पट्ट्या घालून रचून ठेवलीय आणि दर पंधरवड्याला रुंदी मोजून तिच्याच पाठीवर पेन्सिलीने लिहितोय. ऑगस्टचा आकडा आला की तळ कापायला घेईन.