नवरा, दान आणि कार्ल्याचा खांब

वर्षभर झालं जॅपनीजच्या क्लासला जातेय मी (पुण्यात जॅपनीज शिकणारे पैशाला पासरी, त्यात मी एक). परवा सेन्सेईंनी नवऱ्यासाठी शब्द सांगितला, दान्ना, आणि वर म्हणाल्या की हा तुमच्याकडचाच आहे हं, दान. मला वाटलं मस्करी करतायत.

घरी येऊन शोधत बसले तर खरंच की! दानपती म्हणजे भिक्खूंना दान देणारा, तो शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला, सहाव्या शतकात कोरियातल्या बेकजे राज्यातून बौद्ध धर्म जपानात पोचला, आणि तिथे दान्ना म्हणजे आधी देवळाला पोसणारा यजमान, मग नोकरांचा मालक आणि शेवटी बायकोचा नवरा. आपल्याकडे नाही का नवऱ्याला मालक म्हणायचे, तसंच.

मग एकदम कार्ला आठवलं. आपण जातो एकवीरेला, नवस फेडतो, खाली उतरून मिसळ खातो, पण शेजारच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहातले (म्हणजे प्रार्थनेच्या दालनातले) खांब कोण वाचतंय. त्यांच्यावर ब्राह्मीत कोरलंय, धेनुकाकट गावच्या अमुक यवनाचं (तेव्हा यवन म्हणजे ग्रीक), थभो दानं, म्हणजे खांबाचं दान. हे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं. वर्गणी देऊन नाव कोरून घ्यायची हौस तेव्हापासूनची आहे तर!

आपण शाळेत शिकतो की अशोकाने धर्म पसरवला, पण मला वाटतं खरं काम या पैसेवाल्यांनी आणि भाषांतर करणाऱ्यांनी केलं. चीनमध्ये सुरुवातीला निर्वाणाला शब्दच सापडेना, मग काहींनी ताओ पंथातला वू-वेइ हा शब्द उचलला, त्याचा अर्थ काहीतरी वेगळाच, म्हणजे लोकांना बुद्ध हा ताओ पंथाच्या गुरूचा, लाओत्झूचाच कुणीतरी वाटला तर नवल काय. पुढे कुमारजीव नावाचा भिक्खू आला, वडील भारतातले, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या, ह्याला चिनी सेनापतीने पकडून नेलं, कितीतरी वर्षं अडकवून ठेवलं आणि ४०१ साली तो चांगआनला, म्हणजे तिथल्या राजधानीत पोचला. तिथे त्याने सद्धर्मपुंडरीक वगैरे बौद्ध सूत्रं अशा चिनीत आणली की आजही तेच वाचतात. आणि हाच माणूस म्हणायचा की भाषांतर म्हणजे भात चावून दुसऱ्याच्या तोंडात घालणं, चव तर जातेच वर ओकारी येते.

झेन म्हणजे ध्यान हे तर बऱ्याच जणांना माहीत असतं, ध्यान, चान, झेन. पण मला त्याहून मजा वाटली ती सेत्सुनाची, सेत्सुना म्हणजे क्षण. आणि काबुकीच्या, म्हणजे जपानी नाटकाच्या रंगमंचाखाली जो खड्डा असतो ना, तिथून नट वर येतात, त्याला म्हणतात नाराकु. नरक!

नवऱ्याला दान्नाचं सगळं सांगितलं, खांबासकट. तो म्हणाला, बरं, पण लाईट बिल भरलंस का?