आईचा अंगठा आणि हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आमच्या घरात एकच विषय, आईचा हयातीचा दाखला. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते, ते गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि आपण जिवंत आहोत हे आईने दरवर्षी बँकेत जाऊन सांगायचं. मागच्या वर्षी मी सोबत होतो. आधारवरच्या ठशाशी जुळवायला मशीनवर अंगठा ठेवला, नाही घेतला. दुसरा ठेवला, तोही नाही. मग एकेक करत दहाही बोटं झाली, मागे लाईन जिन्यापर्यंत, आणि काउंटरवरचा मुलगा बिचारा म्हणतोय, आजी जरा क्रीम लावून या. आधी राखेने मग साबणाने पन्नासेक वर्षं भांडी घासलेली बोटं ती, रेषा राहणार कुठून!

बरं आधारची सुरुवात कुठे झाली तर आपल्याच राज्यात, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबारच्या टेंभली गावात. म्हणजे शेतात राबून झिजलेले हात पहिल्या दिवसापासून समोर होते की.

मँचेस्टर युनिव्हर्सिटीचे रिचर्ड हीक्स यांचा २००३ चा एक अंदाज आहे, विकसनशील देशांतले ई-गव्हर्नमेंटचे ३५ टक्के प्रकल्प पार फसलेले, ५० टक्के अर्धेमुर्धे आणि फक्त १५ टक्के जमलेले. आकडे जुने झाले, पण कारण आजही पटतं. सिस्टिम बनवणाऱ्याच्या डोक्यातला माणूस वेगळा आणि काउंटरवर उभा असलेला वेगळा, जेवढं अंतर जास्त तेवढी बोंब.

उलट आमच्या नाक्यावरच्या भाजीवालीला मोबाईलवरचा मेसेज वाचता येत नाही, पण तो बोलका डबा ‘पन्नास रुपये प्राप्त हुए’ ओरडला की ती निर्धास्त. तिला वाचायला शिका असं कोणी सांगत बसलं नाही, सरळ कानाशी बोलले. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं तेव्हाही बँक खातं नसलेल्या लोकांनी साध्या फोनवरून पैसे पाठवले, कारण रोकड द्यायला-घ्यायला कोपऱ्यावरचा दुकानदार एजंट म्हणून बसलेला होता. ॲप नंतर, आधी ओळखीचा माणूस.

तर यंदा मी घरीच केलं. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन काढायची सरकारी सोय, २०१४ पासून आहे, पण चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१ मध्ये आली, आणि मला पठ्ठ्याला ती आत्ता कळली. दोन ॲप टाकायची, आधी माझाच चेहरा स्कॅन, मग आईचा. डोळ्यांची उघडझाप करा म्हणतं, तर आई डोळे घट्ट मिटून बसली, देवाला नमस्कार केल्यासारखी. तीन वेळा फेल. चौथ्यांदा खिडकीपाशी बसवली, हसता हसता पापण्या हलल्या आणि झालं! एसएमएसही आला.

“म्हणजे आता बँकेत जायचं नाही?” आईचा चेहरा पडला. लाईनीत वर्कशॉपवाल्यांच्या बायका भेटतात ना वर्षातून एकदा. मग गुरुवारी गेलीच ती, काम काही नसताना, आणि येताना दोघींना घरचा पत्ता देऊन आली. आधार, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर, पासबुक आणि मोबाईल घेऊन रविवारी अकराला या, माझा मुलगा करून देतो. मला विचारलं पण नाही. वर बजावून आलीये, क्रीम-बिम लावायची गरज नाही, फक्त डोळे मिचकवायचे.